चार तलवारींची भाकर

पूर्वी यवनदेशात क्लेओमित्र नावाचा राजा होता आणि बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव थिओदात. राजाने तरुण वयातच समुद्रापासून वाळवंटापर्यंतची भूमी जिंकली, पण वारस नेमला नाही. वारस नेमणे म्हणजे मरणाला आवतण, अशी त्याची समजूत होती. मरण बिनआवतणाचे आले, साध्या तापातून.

राणी इरेना तेव्हा गरोदर होती. "माझं बाळ सांभाळा," एवढेच राजा अमात्यांना म्हणाला आणि गेला.

त्या देशी राजाला जो माती देई, तोच पुढचा राजा होई. आणि शपथ घ्यायची तर सर्वांनी एकाच तलवारीने कापलेली भाकर खायची. तशी शपथ कोणी मोडत नसे. अमात्यांनी चारही सेनापतींना प्रेतापाशी बोलावले. राजाची तलवार आणि एक भाकर पुढे ठेवली. बाळ जन्मेपर्यंत प्रेत नासू नये म्हणून मधात बुडवून ठेवावे, बाळाच्या हातून त्याला माती द्यावी आणि तोवर राणीला कोणी धक्का लावू नये, अशी शपथ घ्यायची होती.

पण तलवार धरायची कोणी? जो धरील तो इतरांहून मोठा ठरेल. बराच वेळ वाद झाला. शेवटी चौघांनी आपापल्या तलवारी उपसल्या आणि एकदमच भाकरीवर चालवल्या. एवढे मोठे शूर, पण भाकर काही धड कापता आली नाही. तिचा चुरा झाला. शपथ झाली, असे म्हणून चौघेही उठले.

त्यांतला वडीलधारा निकांद्र मागे रेंगाळला. "अमात्य, तुम्हीच माती द्या. राजे व्हा. माझं सैन्य तुमच्या पाठीशी आहे."

"आणि राणीचं बाळ?"

"ते जिवंत कसं ठेवता येईल?" निकांद्र म्हणाला. तो क्रूर नव्हता. त्याला खरोखरच दुसरे काही सुचत नव्हते.

अमात्यांनी भाकरीचा चुरा उपरण्यात बांधला. सकाळी त्यांनी प्रेत गाड्यावर घातले आणि सर्वांदेखत पश्चिमेच्या वाटेला लावले. चारही सेनापती सैन्य घेऊन गाड्यामागे धावले. पूर्वेच्या वेशीवर पहारेकरीसुद्धा उरला नाही.

"त्यांना माती कोण देणार?" त्या वेशीतून अमात्यांबरोबर निघताना राणी रडू लागली.

"आता कोणीच नाही, देवी. चला."

गाड्यापाशी चौघांची जुंपली. प्रेताची विटंबना झाली. राज्याचे चार तुकडे झाले, मग त्या तुकड्यांचेही तुकडे, आणि गावे जळत राहिली. राणी तो चुरा खाऊन वाट चालली आणि डोंगरातल्या एका गोठ्यात बाळंत झाली. मुलगी झाली. त्या देशी मुलीला राज्य मिळत नसे. जिच्या भीतीने शपथ मोडली, तिची भीती बाळगण्याचे कारणच नव्हते.

"मग हे सगळं कशासाठी झालं?" राणीने विचारले. अमात्य त्या दिवशी फार रडले.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा जेतवनाच्या विहारात सांगितली, तेव्हा समोर खापरे पडली होती. एक वृद्ध स्थविर वारले होते आणि त्यांचे भिक्षापात्र कोणी घ्यायचे यावरून चार शिष्यांनी ओढाताण करून ते फोडले होते.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, भाकर तेव्हाही तुम्हाला धड कापता आली नाही. ते चार सेनापती तुम्हीच. राणी म्हणजे स्थविरांना अखेरपर्यंत पेज भरवणारी ही उपासिका, आणि तिच्या मांडीवर बसली आहे ती तेव्हाही तिचीच मुलगी होती. अमात्य मी होतो. राज्य मला वाचवता आले नाही. ते हातचे सोडले, म्हणून एवढे एक लेकरू वाचले. यालाच त्यागपारमिता म्हणतात."