हौसाबाईंचा बेलभंडार

पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरणार होता तालुक्यांनी निवडून पाठवलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर. हंबीरराव शितोळ्यांना त्या मतांचा भरवसा नव्हता. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मंगल कार्यालयात मटणाचं जेवण घातलं आणि पंगत उठायच्या आत बेलभंडाराचं ताट स्वतःच्या हातानं पुढं केलं.

"उचला, आणि खंडोबाची शपथ घ्या, की मत हंबीररावालाच!"

पंगतीत पहिल्याच बसल्या होत्या हौसाबाई कोकरे. त्यांनी हात पदराखालून काढलाच नाही.

"का हो, हात जड झाला?"

"तसं नाही, दादा. निघताना तालुक्यातल्या लोकांपुढं असाच बेलभंडार उचललाय, की ते सांगतील त्यालाच मत देईन. त्यांनी दुसरं नाव सांगितलंय."

"मग मोडा की ती शपथ! तालुका थोडाच इथं बघायला येतोय?"

"मोडते," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण ती खंडोबाचीच होती. आता तुमची मोडणार नाही, हे तुम्हाला कुठल्या देवाच्या नावानं सांगू?"

पंगतीत हशा पिकला. हंबीररावांनी रागानं ताट मागं ओढलं, तसं ते कलंडलं. अख्ख्या पंगतीत भंडाऱ्यानं पिवळे झाले ते एकट्या हंबीररावांचेच हात.