नव्या शंखाची टूम

फार पूर्वी एका किनाऱ्यावर शंखात राहणारे खेकडे होते. दर पंधरवड्याला कुरव पक्षी खडकावर बसून सांगायचा, "आता गुलाबी शंखांची टूम आहे!" पुढच्या पंधरवड्याला पट्ट्यापट्ट्यांच्या शंखांची. लगेच सगळे खेकडे आपले चांगले शंख टाकून नवे शोधत सुटायचे.

भिवरा खेकडी मात्र वर्षानुवर्षं एकाच जाड, राखी शंखात राहत होती.

"ताई, तुझ्याबरोबर फिरायची लाज वाटते गं," असं म्हणून तिची धाकटी बहीण सुंदी आपल्या शंखातून बाहेर पडली आणि मऊ, उघड्या अंगाने पलीकडच्या पातळ, रंगीत शंखाकडे निघाली. ती तिथवर पोचलीच नाही. कुरवाने वाटेतच तिला गिळलं.

भिवरा संतापाने कुरवावर ओरडली. "मेल्या, आम्ही उघडे पडावं म्हणूनच तू नव्या टुमा काढतोस!"

"मी नुसतं सांगतो," कुरव म्हणाला. "शंख तुम्हीच टाकता."

भिवराने मागे पाहिलं. बाकीचे अजूनही शंखातून बाहेर निघत होते! ती त्यांच्यावर धावून गेली आणि दिसेल त्याला नांगीने चिमटे काढत शंखात परत कोंबू लागली.

"म्हातारी पिसाळली!" सगळे आपापल्या शंखातून तिला शिव्या देत राहिले. कुरवाला दुसरा घास काही मिळाला नाही; तो उडून गेला.