ओलीचा डाग

“मग सर्वांत आधी मीच का सापडतो, महाराज?”

शार्दूलच्या स्वरात विनंती कमी आणि तक्रार अधिक होती.

भास्करनाथ महाराज मठाच्या ओसरीवर पूजेसाठी गंध उगाळत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

खेळ मोबाइलवरचा होता. लपणाऱ्याने आपला देह मागच्या भिंतीसारखा रंगवून निश्चल उभे राहायचे. शोधणाऱ्याने त्याला ओळखून त्यावर बोट ठेवायचे.

“नवशिक्यांना जे सांगतात, ते तू करतोस?”

“नवशिक्यांना मीच शिकवतो, महाराज! आधी जागा निवडा, मग रंग. उजेड कुठून येतो ते पाहा. दाराशेजारी उभे राहू नका. आपली सावली विसरू नका. एकदा उभे राहिलात की हलू नका.”

“ते सापडतात?”

“...नाही. मी सापडतो.”

“मित्र काय म्हणतात?”

“म्हणतात, तू लपतोस की प्रदर्शन भरवतोस?” शार्दूलची मान खाली गेली. “उद्या स्पर्धा आहे. पुन्हा पहिला सापडलो, तर मला संघातून काढणार आहेत.”

महाराजांनी चंदनाचे खोड बाजूला ठेवले. मठाचा फोन मागवला. शार्दूलने त्यावर खेळ उतरवून दिला, बोट कसे फिरवायचे तेही दाखवले.

“लप.”

दोघे पाठीला पाठ लावून बसले. शार्दूलने मन लावून रंग भरले.

महाराज पडद्यावर एका भिंतीपाशी गेले.

“ही भिंत सामान्य आहे.”

दुसरीपाशी गेले.

“हीही सामान्य.”

तिसरीपाशी थांबले.

“ही तर अगदीच सामान्य.”

“सामान्य?” शार्दूल उसळला. “त्या कोपऱ्यातला ओलीचा डाग पाहिलात का? खरा वाटतो की नाही?”

महाराजांनी डागावर बोट ठेवले.

शार्दूल बाद झाला.

त्याने बाहीने फोनचा पडदा पुसला.

“पुन्हा लपू?”

“लप.”

या वेळी महाराज कितीतरी भिंती हिंडले. एकीला सुंदर म्हणाले, एकीला ओबडधोबड. शेवटी शार्दूलसमोरच येऊन उभे राहिले.

“हिला रंग देणाऱ्याला काही येत नव्हते.”

शार्दूलचे ओठ हलले...

मिटले.

वेळ संपली. शार्दूल जिंकला होता. त्याच्या पडद्यावर एक बटण उमटले: ‘लपलेली जागा सर्वांना दाखवा.’

त्याचा अंगठा बटणावर गेला. तिथेच थबकला.

महाराज वळून बसले. त्यांनी तो अंगठा पाहिला.

“कुठे होतास?”

“एका भिंतीशी, महाराज.”

“कशी होती?”

...

शार्दूलने अंगठा मागे घेतला.

“सामान्य होती.”

महाराजांनी सहाणेवरचे गंध बोटाला लावले आणि ते बोट त्याच्या कपाळावर ठेवले.

“उद्या तीच भिंत बरोबर ने.”