हातकष्टाची शाल

जुनी, खूप जुनी गोष्ट. तेव्हा राज्यांना नावं नसत, पण माणसांना असत. निदान काही माणसांना तरी.

अशा एका राज्यात, समुद्राकाठी, कापडाचा मोठा व्यापारी राहायचा. त्याची गलबतं सात बंदरांना जात. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, हा माणूस काही राक्षस नव्हता बरं का. सणावाराला दानधर्म करायचा, देवळात घंटा बांधायचा. फक्त एक वाक्य सतत त्याच्या तोंडी असे, "हे सगळं मी माझ्या दोन हातांनी उभं केलं."

तिथला राजा बारा वर्षांतून एकदा एका माणसाला हातकष्टाची शाल पांघरवायचा. तिची रीत मोठी गमतीची होती. मानकऱ्याने आधी भरदरबारात सांगायचं, की आपल्या वैभवात कोणाकोणाचे कष्ट आहेत. ज्याचं नाव घेतलं, तो त्या वैभवाचा वाटेकरी. वाटेकऱ्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना कोणी विकू शकत नसे. ज्याचं नाव घेतलं नाही, त्याने आठ दिवस हात मांडीवर ठेवून बसायचं. त्याचे कष्टच नाहीत म्हटल्यावर, तो बसला म्हणून अडणार काय? त्या आठ दिवसांत मानकऱ्याने आपल्या घरच्या कापसाची शाल विणून आणायची. नाही जमली, तर तो खोटा ठरे आणि त्याच्या गलबतांना बंदर बंद होई.

त्या वर्षी हा मान आपल्या व्यापाऱ्याकडे आला. त्याने छाती काढून नावं घेतली. वडिलांचं, आजोबांचं, गलबतं हाकणाऱ्या तांडेलाचं, चार विणकरांचं. वाऱ्याचे आणि समुद्राचेही आभार मानले.

"एवढेच?" राजाने विचारलं.

"एवढेच, महाराज. बायको आहे, पण ती घरीच असते. मळ्यात वीस बटकी आहेत, पण त्या काय, विकतच घेतलेल्या."

दरबार हसला. व्यापारीही हसला, कारण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बटकीचं नाव घेतलं की ती वाटेकरीण व्हायची. आणि त्यांतल्या एकीची सात वर्षांची पोर तर नवव्या दिवशी सुटणाऱ्या गलबतातून परमुलखात विकायला जाणार होती. बटकीचं पोर धन्याचं, जसं शेळीचं करडू शेळीवाल्याचं, असं तो मानायचा.

पहिल्या दिवशी विणकर मागावर बसले आणि म्हणाले, "शेठ, सूत द्या."

सूत नव्हतं. सूत बायको कातायची. ती ओटीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. व्यापारी स्वतः चरख्यावर बसला, तर पिंजलेल्या कापसाचे पेळू नव्हते. पेळू करायला कापूस घेतला, तर त्यात सरकी तशीच. कापूस वेचायच्या आणि सरकी काढायच्या त्या वीसजणी ओटीखाली, राजाच्या शिपायासमोर, स्वस्थ बसल्या होत्या. चूलही थंड होती. चार दिवस व्यापाऱ्याने चुरमुऱ्यांवर काढले. त्याची बोटं सोलली आणि सूत निघालं वीतभर. तेही तुटलं.

सातव्या दिवशी व्यापाऱ्याची बायको जिऊबाई ओटीखाली बसलेल्या एका बटकीकडे वळली. अकरा वर्षं ती तिला "ए" म्हणूनच हाक मारत आली होती.

"तुझं नाव काय गं?"

"भिवरा, बाईसाहेब. माझ्या पोरीचं मैना. मीच ठेवलंय, हितं कुणी इचारलं न्हाई."

जिऊबाई ओटीच्या कडेशी सरकली. मग म्हणाली, "माझ्या लेकाला तू पाजायचीस, तेव्हा मैना काय प्यायची?"

"पेज. उरली तर."

जिऊबाईला रडू आलं. नवऱ्याने आपलं नाव घेतलं नाही, म्हणून ती सात दिवस धुमसत होती. आपणही कधी कोणाचं नाव विचारलं नाही, हे तिला आत्ता कळलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात व्यापारी आला. "अगं, पुरे झालं आता. शिपायाला मी बघतो. उठा, सूत काढा."

"आमचे कष्टच नाहीत ना? मग अडलं कशाला?" जिऊबाई म्हणाली. "उद्या दरबारात नावं घ्या. आधी हिचं, मग माझं."

"हिचं नाव घेतलं तर पोर विकता येणार नाही!"

"म्हणूनच घ्या, धनी," भिवरा म्हणाली. "आन् माझं एकटीचं नाव न्हाई सांगायची तुमास्नी. सांगीन तर इसाच्या इसांचं."

आठव्या दिवशी व्यापारी रिकाम्या हाती दरबारात उभा राहिला. त्याला बंदराची भीती होती आणि थोडी लाजही होती. सगळा पश्चात्तापच होता, असं मी म्हणणार नाही.

"शाल कुठे आहे?" राजाने विचारलं.

"महाराज, माझी काही नावं राहिली होती," तो म्हणाला आणि सांगू लागला. भिवरा. तिची मुलगी मैना. मग एकेक करत उरलेल्या एकोणीसजणी. शेवटी बायकोचं नाव आलं, तेव्हा त्याची जीभ अडखळली. चारचौघांत त्याने ते कधीच उच्चारलं नव्हतं. "जिऊ," तो म्हणाला.

राजाने सगळं ऐकून घेतलं. "कापूस यांचा, सूत तिचं, वीण विणकरांची, वाट तांडेलाची. मग यात तुझं एकट्याचं काय?"

व्यापाऱ्याने खूप विचार केला. आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"वखारीचं कुलूप, महाराज."

या वेळी दरबारात कोणीच हसलं नाही.

"मग कुलूप तेवढं तू ठेव," राजा म्हणाला. "आतल्या मालाला आजपासून वाटेकरी आहेत. बंदर तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी उघडं राहील."

नवव्या दिवशी गलबत सुटलं. मैना आईचा हात धरून किनाऱ्यावर उभी होती आणि भाजलेल्या शेंगा खात ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती. हातकष्टाची शाल त्या बारा वर्षांत कोणालाच मिळाली नाही.

तात्पर्य : ज्यांची नावं आपण घेत नाही, त्यांच्या कष्टांनाच आपण 'माझे दोन हात' म्हणत असतो.