आप्पाजींचे शिखरदर्शन

सांगा पाहू, अधिक दोषी कोण? सांगितलेले तंतोतंत ऐकणारा, की दुसऱ्याला सांगितलेले स्वतः न पाळणारा? उत्तराची घाई करू नका. आधी ऐका.

एका गावात एक भोळा जावई होता. त्याचे नाव मोरबा. तो जन्मात कधी खोटे बोलला नाही. खोटे बोलायला आधी विचार करावा लागतो. त्याचे सासरे आप्पाजी मोठे नेमधर्माचे. वर्षाचे सगळे उपास ते नेमाने करवीत, घरच्यांकडून.

सासूबाई भागीरथीबाईंचा एक नवस होता. लेक तापातून उठली तेव्हा त्या बोलल्या होत्या, "नारायणा, अधिक महिन्यात हिमशिखराचे दर्शन घेईन. तिथे अनारशांचा नैवेद्य दाखवीन आणि जावयाला वाण देईन." वाण द्यायचे तर जावई बरोबर हवाच. लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती घरी राहिली. हे तिघे उत्तरेकडच्या एका थंड, डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात गेले. तिथले शिखर बहुधा ढगात असे. उघडले तर क्षणभर. आणि यांच्या हाती एकच दिवस होता.

फाटकावर, बरोबर येणारा वनरक्षक सगळ्या प्रवाशांना म्हणाला, "आत आवाज करू नका."

दुसऱ्याने आज्ञा दिली की आप्पाजींना आपली एक जोडल्यावाचून चैन पडत नसे. "ऐकलेत ना, जावईबापू? काही झाले तरी तोंड उघडायचे नाही."

मोरबाने मान डोलावली. तोंड तेव्हापासूनच बंद.

पहिल्या चढावर आप्पाजींनी घाम पुसायला कानटोपी काढून दगडावर ठेवली. देवदारावरून वानर उतरले. त्याने टोपी डोक्यात घातली, नीट बसली का ते चाचपून पाहिले आणि वर गेले. मोरबाने सारे पाहिले.

"माझी टोपी?" आप्पाजी म्हणाले.

मोरबाने वर बोट केले.

"अहो, मग सांगायचे नाही? तोंडात काय मूग धरले होते? आपण जावई आहात की धोंडा?"

"अहो, अधिक महिना आहे," भागीरथीबाई म्हणाल्या. "जावयाला उणे बोलू नये."

आप्पाजींनी राग गिळला. "बापू, यापुढे काही दिसले की ताबडतोब, मोठ्याने सांगायचे."

"सांगतो," मोरबा म्हणाला.

पुढे झुडपांत कस्तुरीमृग चरत होता. वनरक्षकाने ओठांवर बोट ठेवले. प्रवासी श्वास रोखून उभे राहिले. आप्पाजी टाचा उंचावून पाहू लागले.

"आप्पाजी! हरिण!" मोरबा गरजला. "तुमच्यासमोर! झुडपात!"

समोर झुडूप राहिले.

आप्पाजींनी टकलावर आलेला हिमाचा कण झटकला आणि अत्यंत आदराने दात खाल्ले. "बापू, अशा वेळी मध्ये येऊ नये. हात जोडावेत. जो जिकडे जाईल तिकडे त्याला जाऊ द्यावे."

"जाऊ देतो," मोरबा म्हणाला.

थोड्याच वेळात बर्फाचा उतार लागला. आप्पाजींचा पाय निसटला. ते बसल्या बसल्या खाली निघाले. वाटेत मोरबा उभा होता. त्याने भक्तिभावाने हात जोडले आणि तो बाजूला झाला. आप्पाजी थेट ओढ्यात गेले.

वनरक्षकाने त्यांना बाहेर काढले. धोतर लाकडासारखे ताठ झाले होते.

"बापू!" आप्पाजींचे दात वाजत होते. "माणूस घसरला की धावावे! कमरेला मिठी मारावी! काही झाले तरी सोडू नये!"

"तो ओरडला तर?"

"ओरडला तरी!"

"कुठवर?"

"खाली सपाटीवर पोचेपर्यंत!"

अखेर ते दर्शनाच्या जागी पोचले. समोर नुसता ढग. भागीरथीबाईंनी चौथऱ्यावर अनारशांचा डबा उघडून ठेवला. "शिखर उघडले की नैवेद्य दाखवायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही." त्यांनी डोळे मिटून जप सुरू केला.

आप्पाजी गारठले होते, भुकेलेही होते. नारायणाला अनारसे पुष्कळ, असा त्यांनी विचार केला. दोन उचलून ते मोठ्या खडकाआड गेले. थंडीने अनारसे दगडासारखे झाले होते. आप्पाजींनी दोन्ही एकदम तोंडात कोंबले.

त्याच क्षणी ढग फाटला.

"अहो, या!" भागीरथीबाईंनी हाक मारली. "नारायण उभा आहे!"

आप्पाजी लगबगीने वळले आणि घसरले. मोरबा धावला. त्याने कमरेला अशी मिठी मारली की आप्पाजींचे तोंड खडकावर टेकले. खडकावर रंगवले होते, 'शिखरदर्शन', आणि पुढे बाण होता. बाण पलीकडे दाखवीत होता.

"ओ! ओओ!" आप्पाजी म्हणाले. तोंडात अनारसे होते.

"ओरडा," मोरबा म्हणाला. "मी सोडणार नाही."

पलीकडे शिखर सोन्यासारखे झळाळले. भागीरथीबाईंनी नैवेद्य दाखवला, डोळे भरून पाहिले, हात जोडले. ढग मिटला.

मग त्या खडकाआड आल्या. नवऱ्याच्या मिशीला खसखस चिकटली होती. त्यांनी ती पाहिली. डब्यातली रिकामी जागा त्यांनी आधीच पाहिली होती.

आप्पाजींचा घास एकदाचा उतरला. "अगं, याला सांग! मी उभा आहे! मी घसरत नाही!"

"सपाटी अजून आली नाही," मोरबा म्हणाला.

भागीरथीबाईंनी एक शब्द उच्चारला असता तर आप्पाजी सुटते. त्यांनी डबा जावयाच्या पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "हे तुमचे वाण, बापू. सांभाळून उतरा." आणि पुन्हा नारायणाचे नाव घेऊ लागल्या.

फाटकापर्यंतची सारी वाट त्या पुढे चालल्या, प्रसन्न मुखाने. त्यांच्या मागे उघड्या टकलाने आप्पाजी, आणि आप्पाजींच्या कमरेला जावई. चढून येणारे यात्रेकरू थांबून पाहत होते. एका देवदारावर कानटोपी घातलेले वानर बसले होते. तेही पाहत होते.