चंद्री मेंढीचा स्वेटर

मेंढ्यासुद्धा स्वेटर विणून घेत, त्या काळातली ही गोष्ट.

चंद्री मेंढीची लोकर नुकतीच कातरली होती आणि नेमकी तेव्हाच कडाक्याची थंडी पडली. कुडकुडत ती गोदा माकडिणीकडे आली. सगळ्या रानाचे स्वेटर गोदाच विणायची.

"गोदाक्का, लवकर एक स्वेटर विणून दे. पण लोकर मी निवडणार. माझी कातडी फार नाजूक आहे."

गोदाने टोपली पुढे केली. चंद्रीने आधी रेशमाचा गुंडा उचलला.

"त्यात नुसती चमक आहे, ऊब नाही," गोदा म्हणाली.

चंद्रीने सुताचा गुंडा उचलला.

"ते दवाने भिजलं की वाळायचं नाव घेत नाही. या थंडीला ही करडी लोकर घे."

चंद्रीने करडा गुंडा मानेला घासून बघितला आणि नाक मुरडलं. "शी! किती टोचते! वास तर बघ. कुठल्या गबाळ्या मेंढीची आहे ही?"

"तुझीच," गोदा म्हणाली.

चंद्रीने गुंडा हळूच गालावरून फिरवला.

"तरीच म्हटलं, एवढी मऊ कशी! हीच विण. आणि उरली तर कानटोपीही कर."

नवा स्वेटर घालून चंद्री कळपभर मिरवली.

दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण भागी मेंढी, तीही नुकतीच कातरलेली, कुडकुडत गोदाकडे आली. तिनेही सगळे गुंडे चाचपले आणि त्याच करड्या लोकरीला नाक मुरडलं. "ही एवढी राठ लोकर कुणाची गं?"

गोदाने सुयांवरची नजरसुद्धा न उचलता सांगितलं, "तुझीच."