उजव्याचं काय बघायचं?

"म्हणजे डावा सिलिंडर उघडायचाच ना, वस्ताद?"

रंगराव चौगुलेनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात पाना होता. बाबालाल वस्तादांच्या हातात चहाची बशी.

रंगराव त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांतलं आपल्याला न कळणारं काही उरलेलं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

गाडी इंदुमती मान्यांची. जुनी मोटरसायकल, दोन सिलिंडरची. नवीन लग्न झालेलं असताना नवऱ्याच्या मागं बसून त्या याच गाडीवरून पन्हाळ्याला गेल्या होत्या. नवरा आता नव्हता. उद्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला लेकाच्या मागं बसून त्यांना पुन्हा गडावर जायचं होतं.

"गाडी चढली नाही तर मिशी उतरवीन," असं रंगराव त्यांना सांगून बसला होता.

आणि गाडी एकाच सिलिंडरवर चालत होती.

"काय काय बघितलंस?" वस्तादांनी विचारलं.

"डाव्याचा प्लग बदलला. कॉइल बदलली. कार्बोरेटर दोनदा धुतला. कॉम्प्रेशन बघितलं, तेही चांगलं आहे. तरी मेल्यासारखा पडून आहे."

"आणि उजव्याचं?"

"उजवा ठणठणीत आहे, वस्ताद. त्याचं काय बघायचं?"

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"चालू कर."

गाडी चालू झाली. वस्तादांनी तांब्यात बोटं बुडवून उजव्या सायलेन्सरच्या नळीवर पाणी शिंपडलं. चर्र झालं. डावीवर शिंपडलं. थेंब तसेच बसून राहिले.

"बघा!" रंगराव म्हणाला. त्याला जवळजवळ आनंदच झाला.

वस्ताद उजव्या कार्बोरेटरपाशी उकिडवे बसले आणि त्याच्या आयडलिंगच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला.

"वस्ताद, डावा त्या बाजूला आहे."

"ठाऊक आहे."

त्यांनी स्क्रू सैल केला. इंजिनचा आवाज खाली आला. आणखी सैल केला. गाडी थरथरायला लागली. रंगरावचा एक हात मिशीकडं गेला, दुसरा रेस द्यायला धावला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"बंद पडेल, वस्ताद!"

"थांब."

इंजिन खोकलं... गपगार व्हायला आलं... आणि डावीकडून एक फटका वाजला. मग दुसरा. मग दोन्ही बाजू एका लयीत बोलायला लागल्या.

जरा वेळानं वस्तादांनी डाव्या नळीवर पाणी शिंपडलं. चर्र!

रंगराव बघतच राहिला.

"हा स्क्रू एवढा वर कुणी घेतला होता?" वस्तादांनी विचारलं.

"मीच... गाडी उभ्या उभ्या बंद पडत होती. म्हणून थोडा घेतला."

"मग?"

"मग... आणखी थोडा."

"डाव्याचा का नाही घेतलास?"

"तो ऐकत नव्हता, वस्ताद."

"आणि उजवा ऐकत होता."

"हो."

"म्हणून सगळं त्यालाच सांगत गेलास. तो एकटाच इंजिन पळवत राहिला, डाव्याला पेटायला वावच उरला नाही." वस्ताद खो खो हसले. रंगरावलाही हसू आवरेना.

मग दोघांनी मिळून दोन्ही स्क्रू सारखे केले, रेसच्या दोन्ही केबल एकदम ओढल्या जातील अशा बसवल्या. इंजिन उघडायला आणलेला पाना तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंगराव पेढे घेऊन हजर.

"चढली, वस्ताद! एका दमात चढली. बाई वर पोचल्या आणि लेकाला म्हणाल्या, आता तू मागं बस!"

वस्तादांनी पेढा तोंडात टाकला.

"मी तर आता कानाला खडा लावलाय," रंगराव म्हणाला. "यापुढं डावा रुसला, की आधी उजवाच बघायचा."

वस्तादांनी पेढा सावकाश संपवला...

"बरं झालं सांगितलंस. म्हणजे पुढच्या खेपेला दोष डाव्यातच असणार."